गलबतात माणसं किती?

पूर्ण ताकदीनं वल्हं मारणारा माणूस किती वेळ टिकतो? अलिबागच्या एका मंगल कार्यालयात, निळ्या रंगानं रंगवलेल्या प्लायवूडच्या समुद्राभोवती उभं राहून आम्ही काही जण सकाळभर याच प्रश्नावर वाद घालत होतो. कुणाच्या मते अर्धा तास. कुणाच्या मते दहा मिनिटांनंतर वेग निम्मा करायलाच हवा. टेबलावर १८ ऑक्टोबर १६७९ ची पहाट मांडलेली: खांदेरीपाशी नांगरलेली इंग्रजांची जहाजं आणि त्यांच्यावर चालून येणारं मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार. लढाईचा निकाल तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. पण मोजपट्टी हातात घेऊन एका फेरीत गलबत किती इंच सरकवायचं हे ठरवायची वेळ आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वाचलेलं 'मराठ्यांनी वेगानं हल्ला चढवला' हे वाक्य काहीच मदत करेना. वेगानं म्हणजे किती?

ऐतिहासिक वॉरगेमिंगचं हे छोटं संमेलन हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी भरलं होतं. मुंबईची मंडळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला उतरली, पुण्याची घाट उतरून आली, काही रत्नागिरी-सावंतवाडीची, काही गोव्याची. प्रत्येकाकडे फोममध्ये खाचा पाडलेले खोके, आणि ते कुणी दुसऱ्याच्या हाती देत नव्हतं. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर खऱ्या रणभूमीची प्रतिकृती करायची, तिच्यावर प्रमाणात लहान केलेले सैनिक किंवा जहाजं मांडायची आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं चाल करायची. अंतर मोजपट्टीनं ठरतं, नशीब फाशांनी, आणि तंटा झाला तर पंच आहेत. सैनिक २८ मिलिमीटरचा असेल तर त्याची मिशीसुद्धा रंगवता येते. गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, १:६०० प्रमाणातली असेल तर ती करंगळीएवढीच भरते.

या छंदाचा इतिहास सांगताना बहुतेक जण प्रशियापासून सुरुवात करतात. राइसविट्झ या अधिकाऱ्यानं १८१२ मध्ये तिथल्या राजाला भूभागाचे ठोकळे जुळवता येतील असं टेबल करून दिलं, त्याच्या मुलानं १८२४ मध्ये नकाशावर खेळायचे नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्यानं ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरायला घेतले. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम लिहिले. त्यात स्प्रिंगच्या तोफेनं लाकडी गोळी मारून शिपाई पाडायचे असत. हे सगळं खरंच आहे. पण त्या कार्यालयात जमलेल्या बहुतेकांची सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यावर झाली होती. दगड-विटा, वर ओलं पोतं, त्यावर चिखल, चिखलात पेरलेले अळीव, बाजारातून आणलेले मातीचे मावळे, बुरुजावर तोफ आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. पहारा कुठे लागेल, टाकं कुठे हवं, दरवाजा कुठल्या अंगाला असला तर शत्रूला तो लांबून दिसणार नाही, हे सगळे विचार मुलं तिथे करतातच. फक्त त्या किल्ल्यावर शत्रूची पाळी कधी येत नाही. वॉरगेममध्ये ती येते. समोरच्या बाजूला आपल्याइतकाच हुशार माणूस उभा असतो आणि तो आपल्याला हरवायला आलेला असतो. मला या छंदाचं मोल वाटतं ते यासाठी.

पेणच्या एका मूर्तिकाराच्या मुलानं रंगवलेले मावळे एका टेबलावर होते. मी त्यांच्यापाशी बराच वेळ रेंगाळलो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या घरातला हात तो. २८ मिलिमीटरच्या शिपायाचे डोळे रंगवताना जगभरचे खेळाडू रडकुंडीला येतात. यानं प्रत्येकाची नजर वेगळी केली होती. एक जण खाली दरीत बघतोय, एकाचं लक्ष शेजाऱ्याकडे. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, सगळे एकाच ठिकाणी बघायला लागले की ती फौज वाटत नाही, दुकान वाटतं."

आता खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर हे बेट. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदीचं काम सुरू करवलं. मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर होते. इंग्रजांना मुंबईच्या तोंडावर हा किल्ला नको होता. त्यांनी जहाजं पाठवली, त्यांत 'रिव्हेंज' हे मोठं, सोबत गुराबा, शिबाडं ही मालवाहू जहाजं आणि मचवे. कॅप्टन केग्विन आणि कॅप्टन मिंचिन ही त्यांच्याकडची मुख्य माणसं. १८ ऑक्टोबरला उजाडताना चौलच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून मराठ्यांचं आरमार नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा डागत इतक्या झपाट्यानं आलं की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत 'डोव्हर' या इंग्रजी गुराबेनं निशाण उतरवलं. शिबाडं पळाली. 'रिव्हेंज' मात्र उभं राहिलं, लढलं, आणि मराठ्यांचं आरमार शेवटी नागोठण्याच्या खाडीकडे वळलं. आपण मराठ्यांची पाच गलबतं बुडवली, असं इंग्रज सांगतात.

ही लढाई टेबलावर आणताना पहिली अडचण नियमांचीच येते. शिडाच्या जहाजांसाठी जगात जे नियम प्रचलित आहेत ते युरोपातल्या मोठ्या लढाऊ जहाजांवरून बेतलेले. त्यांत जहाजाची ताकद असते बगलेतल्या तोफांच्या रांगेत, आणि वारा ज्याच्या बाजूनं त्याचं पारडं जड. वल्हवणाऱ्या बोटींना शेवटच्या पानावर चार ओळी मिळतात. ते नियम जसेच्या तसे खांदेरीला लावले तर मराठ्यांचं आरमार प्रत्येक वेळी हरतं, आणि का हरतं हेही कळत नाही. गुराबेच्या महत्त्वाच्या तोफा नाळेवर, पुढे मारा करणाऱ्या. गलबत उथळ पाण्यात शिरतं, वारा पडला की वल्ह्यांवर चालतं, वेळ पडली तर गुराबेला ओढून नेतं. अशी आरमारं मोठ्या जहाजाच्या बगलेसमोर जायचं टाळून त्याच्या मागच्या अंगानं येत, त्याची शिडं-दोर तोडत आणि मग माणसं वर चढवत. हे सगळं नियमांत आणायचं म्हणजे नव्यानं नियम लिहायचे. आणि नियम लिहिताना पळवाट नसते. लेख लिहिताना 'चपळ गलबतं' असं म्हणून पुढे जाता येतं. नियमात आकडा लिहावा लागतो, आणि तो चुकीचा असेल तर समोरचा माणूस दुसऱ्याच फेरीत दाखवून देतो.

दुपारी जेवणानंतर थळचे एक वयस्क नाखवा आले, कार्यालयाच्या व्यवस्थापकांच्या ओळखीचे. नुसते बघायला म्हणून आले होते. खांदेरीच्या टेबलाला एक फेरी मारून त्यांनी बेट ओळखलं, शेजारचं उंदेरी बेट ओळखलं, थळचा किनारा कुठे ते बोटानं दाखवलं. मग वाकून गलबतं बघितली.

"ह्यात माणसं कुठायत?"

"काका, प्रमाण फार लहान आहे. माणूस तीन मिलिमीटरचासुद्धा होणार नाही," टेबलाचा पंच म्हणाला.

"दिसणार नाय ते कळलं. पण आहेत किती? चाळीस? पन्नास? सगळी एकदम वल्हवतात का पाळीनं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत हे आम्ही वाचलेलं, पण त्या वल्ह्यांमागच्या माणसांना आम्ही एक आकडा करून टाकलं होतं: वेग, सहा इंच. नाखवांनी खुर्ची ओढली. इंजिनं सगळ्यांकडे नव्हती तेव्हा ते वल्हवत. "कोण निघाल्यापासून जोर लावत नाय," ते म्हणाले. "दम धरून वल्हवायचं. तसं दिवसभर जमतं. जोर शेवटाला, एकदाच. तो जोर लावला की मग माणूस कामाचा नाय, थोडा वेळ तरी."

सकाळपासूनचा वाद त्यांनी पाच मिनिटांत मिटवला. गलबताचा चालीचा वेग ठरला, तो दिवसभर टिकेल. एका झडपेचा वेग ठरला, तो एकदाच, सलग दोन फेऱ्यांसाठी. त्यानंतर गलबत मंद, आणि मंद असताना जहाजावर चढून लढायची वेळ आली तर वल्हेकऱ्यांचा फासा कमी. या एका नियमानं खेळ पालटला. आता झडप कधी घालायची हाच दौलतखानाच्या बाजूचा मोठा निर्णय झाला. लवकर घातली तर माणसं थकून शत्रूच्या तोफांपुढे उभी. उशिरा घातली तर इंग्रज नांगर उचलून मोकळे.

पण नाखवांचा प्रश्न संपला नव्हता. "तिथी कुठली?"

एकानं मोबाइलवर हिशेब करायला घेतला. इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर वापरत, म्हणून त्यांची १८ ऑक्टोबर म्हणजे आजच्या मोजणीनं २८ ऑक्टोबर. चंद्राचं गणित मांडलं तर अमावास्या साधारण आठवड्यावर आलेली. म्हणजे आश्विन वद्य अष्टमीच्या आसपास. पुढे दिवाळी.

नाखवांनी मोबाइलकडे बघितलंही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. "अष्टमी. सहाला भरती. उजाडलं की ओहोटी लागली. पाणी पण बाहेर, वारा पण बाहेर." मग थोडं थांबून, "भांगाचं पाणी, ओढ थोडी. पण उलट तर नाय ना." भांगाचं पाणी म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमजोर भरती-ओहोटी.

मी ही लढाई अनेकदा वाचली आहे. उजाडताना हल्ला झाला हे मला माहीत होतं; ते मी दरवेळी 'शत्रू बेसावध असताना' एवढ्याच अर्थानं वाचत आलो होतो. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात हे तर शाळेत शिकलेलं. अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो, म्हणजे पहाटेपर्यंत किनाऱ्यालगत बोटी जमवायला अर्ध्या चंद्राचा उजेड. ओहोटी. आणि दिवस चढला की जमिनीचा वारा पडतो, मग काही काळ सगळं शांत, मग समुद्राचा वारा सुरू होतो आणि शिडाच्या मोठ्या जहाजाचा जीव परत येतो. झटपट काम उरकून खाडी गाठायची तर हीच वेळ होती. दौलतखानानं यातलं काय काय मनाशी धरलं होतं याची नोंद माझ्या वाचनात नाही. पण त्याच्याबरोबरच्या शेकडो भंडारी-कोळ्यांना पाऊणपट करता येत नसेल हे मला पटणार नाही. ज्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत त्यांचं ज्ञान त्या हल्ल्याच्या वेळेत आहे, आणि ते मला वाचताना कधी दिसलं नव्हतं.

मग डाव झाला. 'डोव्हर' पडली, खऱ्या लढाईतल्यापेक्षा थोडी उशिरा. 'रिव्हेंज'नं तीन गलबतं बुडवली. इंग्रजांच्या बाजूच्या खेळाडूनं जिंकल्याचं जाहीर केलं आणि तिथे दुसरा, माझ्या मते जास्त महत्त्वाचा वाद सुरू झाला. जिंकलं कशाला म्हणायचं? बुडालेली जहाजं मोजली तर इंग्रज जिंकले. पण त्या साऱ्या महिन्यांत मराठ्यांच्या छोट्या बोटी रात्रीच्या अंधारात बेटावर दाणागोटा आणि सामान पोचवत राहिल्या, मायनाक भंडाऱ्यांची माणसं तट चढवत राहिली, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी तडजोड करून जहाजं परत नेली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. म्हणून आमच्या पंचानं गुणांचा तक्ता फाडून नवा केला. आता जहाज बुडवल्याचे गुण थोडे, आणि बेटावर पोचलेल्या प्रत्येक खेपेचे जास्त. माझ्या मते हा तक्ता म्हणजे त्या लढाईवरचं उत्तम भाष्य आहे. यापुढे कुणी मला खांदेरीत कोण जिंकलं असं विचारलं तर मी त्याला तोच दाखवीन.

दुसऱ्या टेबलावर १७२१ चा कुलाबा होता, म्हणजे आम्ही बसलो होतो तिथून चालत जाण्याच्या अंतरावरचाच किल्ला. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांवर आले, बाजीराव पेशवे मदतीला धावले. इंग्रज आणि पोर्तुगीज खेळाडूंना आपापली उद्दिष्टं लिहिलेल्या वेगवेगळ्या बंद चिठ्ठ्या दिल्या होत्या आणि आपली चिठ्ठी एकमेकांना दाखवायची मुभा नव्हती. तिसऱ्या फेरीपासून त्यांची धुसफूस सुरू झाली. पोर्तुगिजांनी १७२२ च्या सुरुवातीला वेगळा तह केला तो का, हे त्यांना बघून न सांगता कळत होतं.

रविवारी विजयदुर्ग. १७५६ चा फेब्रुवारी, ॲडमिरल वॉटसनचं आरमार, क्लाइव्हची फौज, आणि जमिनीवर पेशव्यांचं सैन्य, इंग्रजांच्या बाजूनं. हे टेबल मांडावं की नाही यावर आधी बरीच चर्चा झाली होती. कोकणातल्या माणसाला ही लढाई खेळ म्हणून बघणं जड जातं. १२ फेब्रुवारीला आंग्र्यांच्या ताब्यातल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती जवळजवळ बांधलेल्या जहाजांवरून पसरत गेली; आंग्र्यांचं आरमार एका दुपारी जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. किल्ल्याचे धनी, कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे तेव्हा किल्ल्यात नव्हते. बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेले होते आणि किल्ला मेव्हण्याच्या ताब्यात होता.

आंग्र्यांची बाजू रत्नागिरीच्या एका मुलीकडे होती, इंजिनीअरिंगला असलेल्या. तिनं पहिल्याच फेरीत जहाजांचे दोर सोडायला घेतले. वाघोटनच्या खाडीत वर न्यायची, मोठी इंग्रजी जहाजं आत येणार नाहीत एवढ्या वर. पंचानं तिला थांबवलं: धनी किल्ल्यात नाही, एवढा मोठा हुकूम स्वतःच्या अधिकारात देता येणार नाही, निरोप पाठव. निरोपाचा फासा दोनदा वाईट पडला. तिसऱ्यांदा परवानगी आली तोवर 'रेस्टोरेशन' पेटलं होतं. तरी तिनं काही गुराबा काढल्या. बाकीचं सगळं जळालं, किल्ला गेला, पण तिच्या गुराबा खाडीत वर सुखरूप होत्या आणि आम्ही बघणारे सगळे नकळत तिच्या बाजूचे झालो होतो.

"मग आता ही जहाजं कुणाची?" तिनं विचारलं.

पेशव्यांच्या बाजूनं खेळणारा पुण्याचा माझा मित्र काही न बोलता आपली चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवता झाला. तिच्यावर लिहिलं होतं: तुळाजी हाती लागावा, आरमार शक्यतो शाबूत मिळावं. तो उदास होऊन म्हणाला, "मला ही जहाजं हवी होती गं. जळलेली नको होती." तिनं मान हलवली आणि खाडीतली जहाजं त्याच्या बाजूला सरकवली नाहीत.

विजयदुर्गाबद्दल बोलताना आपण एक तर इंग्रजांना शिव्या देतो, नाही तर पेशव्यांना. मीही दिल्या आहेत आणि पेशव्यांचा तो निर्णय पश्चिम किनाऱ्याला फार महाग पडला, असं मला आजही वाटतं. पण समोर चिठ्ठी घेऊन बसलेला मित्र असला की त्याला काय हवं होतं आणि त्याच्या हातात काय आलं हे दोन्ही बघावं लागतं. मला त्या दुपारी तुळाजींचा, त्यांच्या नावाशिवायच्या मेव्हण्याचा आणि पेशव्यांचा, तिघांचाही विचार एकाच वेळी करावा लागला. वाचताना तो मी कधी केला नव्हता.

संध्याकाळी आवारात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. मडकं उघडेपर्यंत पुढच्या वेळचा विषयही ठरून गेला: सुवर्णदुर्ग, १७५५ चा एप्रिल, ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर' घेऊन आलेला कमोडोर जेम्स. जहाजांचं काम सावंतवाडीच्या मंडळींनी घेतलं आहे, तटबंदी मी करतो आहे, आणि यावेळी प्रत्येक गलबताखाली त्यातल्या वल्हेकऱ्यांची आणि लढवय्यांची संख्या लिहिलेला कागद आधीपासून असेल. अडलंय ते एवढ्यावर: हर्णैला एप्रिलात दुपारचा वारा साधारण किती वाजता लागतो, आणि किल्ल्याच्या समुद्राकडच्या अंगाला मोठं जहाज भरतीला किती जवळ येऊ शकतं. नकाशावर खोलीचे आकडे आहेत, पण खडक कुठे वर येतात ते तिथे रोज जाणाऱ्यालाच ठाऊक. हर्णै-पाजपंढरीकडचं कुणी हे वाचत असेल आणि घरात कुणी जुने नाखवा असतील, तर त्यांना विचारून कळवा. ते स्वतः यायला तयार असतील तर फारच छान. न्यायला गाडी आम्ही पाठवू.